फायबर गंजत नाही, पण पितं

माझ्या मामेभावाने मिशिगनमध्ये 1969 ची शेवरोले कॉर्व्हेट घेतली आणि घरच्या गॅरेजमध्ये तिचा जुना रंग काढायला सुरुवात केली. मी काळजीने विचारलं तर म्हणाला, "दादा, फायबर आहे. त्याला गंज नाही, काही नाही. रिमूव्हर फासायचा, खरवडायचं, रंग मारायचा." तसंच केलं. रंग सुरेख बसला. जुलैच्या उन्हात गाडी दोन दिवस उभी राहिली आणि बॉनेटवर मसुराएवढे फोड उठले. सगळ्यांनी रंगाला दोष दिला. रंग निर्दोष होता. "फायबरला काही होत नाही" हा समज आपल्याकडेही घरोघरी आहे, म्हणून हे लिहितो आहे.

कॉर्व्हेट 1953 साली आली. पहिल्या वर्षी फ्लिंटमध्ये फक्त 300 गाड्या बनल्या, सगळ्या पांढऱ्या. बाहेरचं अंग पहिल्यापासून फायबरग्लासचं. म्हणजे काचेचे धागे आणि त्यांना धरून ठेवणारं पॉलिएस्टर रेझिन. रत्नागिरी-मालवणच्या किनाऱ्यावर ज्या फायबरच्या होड्या दिसतात त्यांचंही साहित्य हेच: मॅट (म्हणजे काचेच्या धाग्यांची चटई), रेझिन आणि ते घट्ट करणारा हार्डनर.

आता मला ज्यात सगळ्यात जास्त रस आहे ती गोष्ट. गूळ पाण्यात टाकला की विरघळतो. साबुदाणा गार पाण्यात भिजवला तर पाणी पिऊन फुगतो, पण दाणा दाणाच राहतो. त्या काळच्या कॉर्व्हेटचा मूळ रंग, म्हणजे लॅकर, हा गुळासारखा. त्यातला थिनर उडून गेला की लांबलांब रेणू एकमेकांत गुंतून नुसते पडून राहतात, त्यांच्यात पक्के बंध नसतात. पुन्हा थिनर मिळाला की ते सुटे होतात. रेझिन साबुदाण्याच्या जातीचं. पॉलिएस्टरच्या साखळ्यांमध्ये जागोजागी दुहेरी बंध असतात. हार्डनरमधलं पेरॉक्साइड फुटून मुक्त मूलक, म्हणजे जोडीला हपापलेले रेणूंचे तुकडे, तयार होतात, ते हे बंध उघडतात आणि स्टायरीनचे रेणू एका साखळीतून दुसरीत पूल बांधत जातात. शेवटी अख्खं बॉनेट म्हणजे जवळजवळ एकच अवाढव्य रेणू, तिन्ही दिशांना विणलेलं जाळं. हे जाळं थिनरमध्ये विरघळत नाही, पण जाळ्याला छिद्रं असतात. लहान रेणू त्यातून आत शिरतात आणि जाळं ताणलं जाऊन फुगतं.

जुन्या रिमूव्हरमधलं डायक्लोरोमिथेन असंच लहान रेणूचं. तेच त्याचं बळ: रंगात घुसतं, रंग फुगवतं, सुरकुत्या पाडून उचलून काढतं. खाली पोलाद असेल तर ते पत्र्यावर थांबतं. खाली रेझिन असेल तर थांबायचं कारणच उरत नाही. त्यात पत्र्याने खरवडताना काचेचे धागे उघडे पडले, तर धागा आणि रेझिन यांच्यामधली फट म्हणजे आयती केशनलिका. धाग्याची जाडी साधारण 10 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. तेवढ्याच व्यासाच्या स्वच्छ काचेच्या नळीत पाणी तत्त्वतः जवळजवळ 3 मीटर वर चढतं! म्हणजे दिव्याच्या वातीत तेल चढतं तसा द्रव धाग्याच्या कडेने आडवा पसरतो, आणि वरून पुसून काढलेला पृष्ठभाग कोरडा ठणठणीत दिसतो.

डायक्लोरोमिथेन सुमारे 40 अंशाला उकळतं. उन्हातलं गडद रंगाचं बॉनेट त्याच्या सहज पुढे जातं. त्या द्रवाच्या एका मिलिलिटरची सुमारे 400 मिलिलिटर वाफ होते. वर नव्या रंगाचं झाकण. फोड येणार नाही तर काय होणार? (होडीच्या तळाला वर्षांनी येणारे फोड मात्र वेगळे. तिथे मुरलेलं पाणी रेझिनमधले विरघळणारे अंश घेऊन दाट होतं आणि परासरणाने आणखी पाणी ओढत राहतं.)

शिवाय हे रसायन शरीरात गेलं की त्याचा काही भाग कार्बन मोनॉक्साइड बनतो. बंद जागेत त्याने माणसं मेली आहेत. अमेरिकेने 2019 मध्ये घरगुती वापरासाठी अशा रिमूव्हरच्या विक्रीवर बंदी आणली. मामेभावाकडचा डबा त्याआधीचा होता.

मग त्याला कोणीतरी "9एच सिरॅमिक कोटिंग करून घे, फोड येणार नाहीत" असा सल्ला दिला. ही जाहिरातबाजी ऐकून मला खरंच राग येतो. 9एच हे पेन्सिलीच्या कठीणपणाचं माप आहे, हिऱ्या-माणकांच्या मोजपट्टीवरचा 9 नव्हे. आणि दोनेक मायक्रॉनचा थर खालून येणारी वाफ कशी अडवणार?

दुसऱ्या खेपेला त्याने धीराने केलं. आधी मेण-ग्रीस काढणाऱ्या द्रवाने पुसणं, कारण सिलिकॉन पॉलिश न पुसता घासलं तर ते आणखी खोल जातं आणि नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. मग ब्लेड तिरकं धरून लॅकरचे थर सालीसारखे उचलले. हे काम कंटाळवाणं आहे, पण ब्लेड रेझिनमध्ये मुरत नाही. पुढे 80 आणि 180 नंबरचा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्यावर लावून. वाळूचा मारा नाही, त्याने रेझिन उडून धागे उघडे पडतात. हीट गनही नाही. आपल्या गॅरेजांतली पाणी पेपरची सवय उघड्या फायबरवर अजिबात नको, घासायचं कोरडंच. काचेची धूळ अंगाला खाजवते आणि फुप्फुसाला वाईट, म्हणून चांगला मास्क लावूनच. भेगांवर नुसती पुट्टी भरली तर त्या परत येतात. तिथे उतरता खड्डा घासून मॅट आणि रेझिन बसवावं लागतं.

मग थांबणं. त्याने बॉनेट काही आठवडे सुकू दिलं. त्यानंतर पारदर्शक प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही कडांनी चिकटवून ते उन्हात ठेवलं. पहिल्या दिवशी प्लास्टिकच्या आतून बारीक दव धरलं. दहा दिवसांनी पुन्हा चिकटवलं तेव्हा ते कोरडं राहिलं, आणि त्याच संध्याकाळी त्याने एपॉक्सी प्रायमरचा पहिला हात मारला.