बे-लीफ: धुराडं नसलेलं शेतकऱ्याचं घर

इंग्लंडमधलं जुनं लाकडी घर म्हटलं की पांढऱ्या भिंती आणि काळेकुळकुळीत खांब डोळ्यांसमोर येतात, पण आग्नेय इंग्लंडमधल्या केंट-ससेक्सकडे ओकचं लाकूड न रंगवता नुसतंच सोडायचे, उन्हापावसात ते रुपेरी करडं व्हायचं, काळा रंग फासायची फॅशन बरीच नंतरची. बे-लीफ फार्महाऊस बघा, लगेच पटेल.

हे घर मूळचं केंटमधल्या चिडिंगस्टोनचं. तिथल्या नव्या जलाशयापायी ते जाणार होतं, म्हणून १९६८-६९ मध्ये एकेक लाकूड सुटं करून काढलं आणि नंतर ससेक्समधल्या सिंगलटनच्या वील्ड अँड डाउनलँड म्युझियममध्ये, म्हणजे जुन्या इमारतींच्या खुल्या संग्रहालयात, परत उभं केलं. असं सुटं करता आलं कारण सांगाडा खिळ्यांवर नाहीच, एका लाकडाला खाच, दुसऱ्याला जीभ आणि दोन्हींतून आरपार ओकची खुंटी. ओक ओलाच कापायचे, तेव्हा तो मऊ असतो, मग वाळता वाळता सांधे असे आवळतात की विचारू नका. जहाजाच्या जुन्या लाकडांपासून घर बांधलं ही गोष्ट तिकडे जवळपास प्रत्येक जुन्या घराबद्दल सांगतात, ती बहुतेक वेळा खरी नसते. खांबांमधल्या भिंती कुडाच्या, वर माती, गवत आणि शेणाचा लेप.

१३४८ च्या प्लेगनंतर माणसं कमी उरली, मजुरी वाढली, जमीन मिळू लागली आणि केंटमधल्या बऱ्याच शेतकऱ्यांच्या हातात पैसा आला, तोच बे-लीफसारख्या घरांत दिसतो. मधे थेट छपरापर्यंत उघडा हॉल, दोन्ही टोकांना दुमजली खोल्या, त्यांचे वरचे मजले पुढे आलेले, हॉल मात्र आत, आणि सगळ्यांवर मिळून एकच सलग छप्पर. खिडक्यांना काच नाही, नुसते लाकडी गज. जाळ हॉलच्या मधोमध जमिनीवर, धूर वर जाऊन कौलांच्या फटींतून जाईल तसा जायचा!

मला सगळ्यात भारी वाटतं ते म्हणजे लाकडातली वर्षवलयं मोजून कळलेलं वय. हॉलची बाजू १४०५ ते १४३० मधली आणि मालकाच्या खोल्यांचं टोक १५०५ ते १५१० मधलं, म्हणजे एकसंध वाटणाऱ्या घरात शंभरएक वर्षांचं अंतर आहे.

याच धाटणीचं ससेक्समधल्या अल्फ्रिस्टनचं क्लर्जी हाउस (पाद्र्याचं घर) नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने १८९६ मध्ये १० पौंडांना घेतलं, ट्रस्टने विकत घेतलेली ती पहिलीच इमारत.

पुढे सोळाव्या-सतराव्या शतकांत अशा घरांत विटांचं धुराडं आलं, हॉलमध्ये मजला पडला आणि उघडं छप्पर झाकलं गेलं. म्हणून आजही तिकडच्या एखाद्या साध्या दिसणाऱ्या फार्महाऊसच्या माळ्यावर टॉर्च मारला आणि वासे काजळीने काळे दिसले, की समजायचं, खाली कधीतरी उघडा हॉल होता.