एक रेघ दिसली म्हणून खचू नका, आधी दिवस मोजा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका लॅबमध्ये मी रक्त-लघवीच्या तपासण्या करते. मध्यंतरी सकाळी एक ताई आल्या. पर्समधून रुमालात गुंडाळलेली तीन प्रेग्नन्सी किट काढून त्यांनी टेबलावर ठेवली. तिन्हींवर एकच रेघ. "मॅडम, जरा तुम्ही बघा की. मला कायतरी फिकट दिसतंय." लग्नाला चार वर्षं झालेली, अंबाबाईची ओटी भरून झालेली, आणि घरात दर महिन्याला तारखेची चौकशी.

मी विचारलं, पाळी किती दिवसांनी येते? "कधी पस्तीस, कधी अडतीस." आणि पहिली टेस्ट त्यांनी केली होती 28 व्या दिवशी, कारण शेजारणीने 28 दिवसांचा हिशेब सांगितला होता. पुढच्या दोन टेस्ट 30 आणि 32 व्या दिवशी.

खरा घोळ इथेच होतो. किट बाळ शोधत नाही, ते शोधतं एचसीजी नावाचं संप्रेरक. गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजला, की त्याच्याभोवतीच्या पेशी ते तयार करू लागतात. रुजण्याआधी ते लघवीत सापडण्याचा प्रश्नच नाही. स्त्रीबीज सुटल्यापासून रुजायला 6 ते 12 दिवस लागतात, बहुतेकींमध्ये 8 ते 10. आणि बीज सुटतं ते साधारणपणे पुढच्या पाळीच्या 14 दिवस आधी. म्हणजे 35 दिवसांचं चक्र असेल तर 21 व्या दिवसाच्या आसपास. या ताईंनी पहिली टेस्ट केली तेव्हा बीज सुटून जेमतेम आठवडा झाला होता. 38 दिवसांचा महिना असेल तर चारच दिवस. त्या 'नाही'ला काही अर्थच नव्हता, पण त्या रात्रभर रडल्या होत्या. हे ऐकून मला फार वाईट वाटलं.

रुजल्यावरही लगेच रेघ उमटत नाही. सुरुवातीला एचसीजी साधारण दोन दिवसांत दुप्पट होतं. आज 6 असेल तर परवा 12, त्यानंतर दोन दिवसांनी 24. घरच्या बऱ्याच किटना दर मिलीलिटरला 20 ते 25 मिली-युनिट लागतात. म्हणून सोमवारी एक रेघ आणि शुक्रवारी दोन, असं एकाच बाईच्या बाबतीत होतं. पाळी चुकल्याच्या पहिल्या दिवशी दर दहा गर्भधारणांमधली सुमारे एक अजून रुजलेलीच नसते, असं अमेरिकेतल्या ॲलन विल्कॉक्स यांच्या गटाने 2001 मध्ये दाखवलं. किट कितीही महागाचं घ्या, ती एक त्या दिवशी सुटणारच. आठवडाभर थांबलं तर जवळपास सगळ्या सापडतात.

पट्टीवर काय घडतं तेही सांगते. आत सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांना प्रतिपिंडं, म्हणजे एचसीजीला पकडणारी प्रथिनं, चिकटवलेली असतात. लघवीबरोबर ती पुढे सरकतात. एचसीजी असेल तर पट्टीवर 'टी' (T) लिहिलेल्या जागी अडकतात आणि गुलाबी रेघ दिसते. 'सी'ची (C) रेघ फक्त पट्टी नीट चालली एवढंच सांगते. ती आली नाही तर किट टाकून द्यायचं. निकाल पाकिटावर लिहिलेल्या वेळेतच वाचायचा, बहुधा 5 मिनिटांत. त्या वेळेत आलेली गुलाबी रेघ फिकट असली तरी होकारच धरा. तासाभराने कचऱ्यातून काढून पाहिल्यावर दिसणारी करडी छटा मात्र वाळलेल्या लघवीची असते. ताईंच्या किटवर तीच होती. त्यांना हे सांगताना माझाच घसा दाटला.

टेस्ट सकाळच्या पहिल्या लघवीची करा. लवकर रेघ यावी म्हणून तांब्याभर पाणी पिऊन केली, तर लघवी पातळ होऊन उलटाच परिणाम होतो. वंध्यत्वाच्या उपचारात बीज सुटण्यासाठी एचसीजीचं इंजेक्शन घेतलं असेल, तर तेच औषध 10 ते 14 दिवस लघवीत सापडू शकतं आणि खोटी दुसरी रेघ येते. अशा वेळी डॉक्टरांनी दिलेली तारीख पाळा. कधी खरीच दोन रेघा येतात आणि चार दिवसांनी पाळी सुरू होते. तिथे गर्भ रुजलेला असतो, पण टिकत नाही. यात बाईची काहीही चूक नसते. जड उचललं, प्रवास केला, असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

एका बाबतीत मात्र अजिबात थांबू नका. दोन रेघा आल्यात आणि पोटात एका बाजूला कळ, खांदादुखी, रक्तस्राव किंवा चक्कर असेल, तर गर्भ गर्भाशयाऐवजी बीजनळीत असू शकतो. लगेच सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) किंवा जवळचा दवाखाना गाठा. गर्भ कुठे आहे हे किट सांगत नाही.

किटला पैसे नसतील तर गावातल्या आशाताईंना विचारा. त्यांच्याकडे 'निश्चय' किट मोफत असतं.

ताईंना मी 40 व्या दिवसापर्यंत थांबायला सांगितलं. तेव्हाही एकच रेघ आली आणि पाळीही आली नाही, तर आठवड्याने पुन्हा टेस्ट किंवा रक्तातली बीटा एचसीजी. त्यांनी तारीख हातावर पेनने लिहून घेतली. दारातून परत वळून विचारलं, "फॉलिकची गोळी तवर चालू ठेवू न्हवं?"

"ठेवा," मी म्हटलं, "रोज घ्या."