पिनवर रुपया ठेवू नका

जुन्या बाजारातून रेकॉर्ड प्लेअर उचलला की विकणारा एक सल्ला फुकटात देतो: "पिन उड्या मारायला लागली तर वर एक रुपया ठेवा, साहेब." आजची कार्ट्रिजं (आर्मच्या, म्हणजे पिन धरणाऱ्या दांड्याच्या टोकाचा पिन बसवलेला भाग) साधारण दीड-दोन ग्रॅम भार मागतात, म्हणजे पिन तबकडीवर तेवढ्या वजनाने टेकायला हवी. रुपयाचं नाणंच तीन ग्रॅमच्या वर भरतं. म्हणजे भार थेट अडीच-तीन पट. हा सल्ला चुकीचा आहे, हे कुणालाही पटतं. पण नव्याने नाद लागलेले काही जण उलटं करतात. आर्मच्या मागचं वजन फिरवत फिरवत भार इतका उतरवतात की पिन जेमतेम टेकते. भार कमी, तर झीज कमी! हा हिशेब वरवर बिनतोड वाटतो. गंमत इथेच आहे.

तबकडीवर पिन जिच्यातून जाते त्या खाचेच्या दोन भिंती ४५ अंशांत कललेल्या असतात आणि त्यांवरच्या नागमोडी वळणांत गाणं कोरलेलं असतं. समजा, सेकंदाला १०,००० कंपनांचा एक झणझणीत स्वर आहे आणि पिनच्या टोकाचा कमाल वेग सेकंदाला १० सेंटिमीटर. अकरावीचं सूत्र लावा: २π × १०,००० × ०.१. त्वरण येतं सुमारे ६,३०० मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सहाशे पटींहून जास्त. टोकाचं हलतं वस्तुमान अर्धा मिलिग्रॅम धरलं, तरी त्याला वळवायला ०.३ ग्रॅम भाराएवढं बल लागतं. शिवाय खालच्या, खर्जातल्या स्वरांना पिन खूप लांब झुलते. तेव्हा ती जिच्या टोकाला असते त्या बारीक दांडीमागचं रबर तिला मागे ओढतं, त्याचा पाव ग्रॅम वेगळा. उन्हात वाकलेल्या तबकडीचे चढउतार आणखी वेगळे.

आता भिंत ४५ अंशांत असल्यामुळे आडवं बल पिनला उतारावरून वर ढकलतं. घर्षण सोडून दिलं, तर आडवं बल जेवढं, तेवढाच भार वरून हवा. तो एका क्षणी जरी कमी पडला तरी पिन भिंत सोडून वर चढते आणि पुढच्याच क्षणी हिऱ्याचं टोक भिंतीवर आदळतं. कानाला ऐकू येतो फाटलेला 'स' किंवा 'श'. तिथला प्लॅस्टिकचा टवका कायमचा गेला; पुढे कितीही चांगलं कार्ट्रिज लावा, तो 'स' फाटलेलाच ऐकू येणार. म्हणून कंपनीने १.५ ते २ ग्रॅम सांगितलं असेल, तर मी १.८-१.९ वर ठेवतो. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा घ्या. आवाज 'उजळवणाऱ्या' महागड्या वायरींपेक्षा तो कितीतरी उपयोगाचा.

मग हिरा झिजतो की नाही? झिजतो. एलपीच्या (मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीच्या) एका बाजूला पिन चारशेहून अधिक मीटर घासत जाते. हजार तासांत १,३०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पुण्याहून नागपूरला जाऊन जवळजवळ परत येण्याइतकं! तेही इवल्याशा टेकणीवर वातावरणाच्या दोन-तीन हजार पट दाब असताना, आणि खाचेत सिलिका असलेली धूळ. शुक्र बलवान करायला बोटात हिरा घालणाऱ्यांनी हे एकदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं. झिजलेल्या टोकाला दोन सपाट पैलू पडतात आणि त्यांच्या कडा खाच खरवडतात. टोकाच्या आकाराप्रमाणे आयुष्य साधारण ३०० ते १,००० तास. ते वाढवायचा खात्रीचा उपाय म्हणजे तबकडी लावण्याआधी तिच्यावरची धूळ काढणं. पिनवर ब्रश मागून पुढे फिरवा, आडवा कधीच नाही, दांडी वाकते.

रबर मात्र न वाजवताही कडक होतं. तेव्हा 'चाळीस वर्षांपूर्वीची, अजून सीलबंद' पिन स्वस्तात मिळाली तरी हुरळू नका.

घरात बालगंधर्वांच्या लाखेच्या तबकड्या असतील, तर त्यांची खाच जवळपास तिप्पट रुंद असते. एलपीची पिन तिच्या तळाशी लटपटते, म्हणून ७८ची (मिनिटाला ७८ फेऱ्या मारणाऱ्या या तबकड्यांची) पिन वेगळी घ्या. आणि या तबकड्या स्पिरिटने पुसू नका. लाकडाला पॉलिश करणारे लाख स्पिरिटमध्येच विरघळवतात.