सराफ्यातला गराडू पोटात इतका वेळ का बसतो?

इंदूरच्या सराफ्यात दिवसा सोनं विकलं जातं. रात्री दुकानांची शटरं खाली आली की तिथंच खाण्याचे ठेले लागतात. थंडीत गराडूपुढे गर्दी जास्त. कंदाचे कुरकुरीत तळलेले तुकडे, वर लिंबू आणि जीरावन हा इंदुरी मसाला. भुट्ट्याचा किस, मग जिलबी. बारा वाजता रामबागेतल्या घरी परतून आडवं झालं की पोटात दगड बसल्यासारखं वाटतं. आजी ओवा पुढे करते आणि ‘जठराग्नी मंदावलाय’ असा निकाल लागतो.

माझं मत विचाराल तर इथं जठर बिचारं नाहक बदनाम होतं. ते आपल्या मर्जीने काम करत नाही. वेग ठरवतं खालचं लहान आतडं.

गराडूतल्या पिष्टाचं पचन तोंडातच, लाळेतल्या अमायलेज या विकरामुळे (एन्झाइममुळे) सुरू होतं. पण घास जठरातल्या आम्लात मिसळला की ते विकर थंडावतं. जठरात प्रथिनांचं विघटन सुरू होतं, पण मुख्य काम दळण्याचं. जठराच्या खालच्या भागात मिनिटाला साधारण 3 लाटा उठतात. प्रत्येक लाट अन्न जठर आणि लहान आतडं यांच्यामधल्या झडपेकडे ढकलते, आणि झडपेतून जवळपास फक्त 1-2 मिलिमीटरपर्यंतचे कण पुढे सरकतात. मोठे तुकडे मागे फेकले जातात, पुन्हा दळले जातात. घाईत न चावता गिळलेल्या गराडूच्या फोडी इथं बराच वेळ फेऱ्या मारतात.

त्यात भर तेलाची. झडपेपलीकडच्या आतड्याच्या अस्तरात अशा पेशी आहेत, ज्यांना स्निग्ध पदार्थांची चाहूल लागली की त्या रक्तात कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक सोडतात. त्याने पित्ताशय आकुंचन पावतं, स्वादुपिंड विकरं सोडतं आणि जठराला हळू चालण्याचा हुकूम मिळतो. कारण सरळ आहे. तेल पाण्यात मिसळत नाही, तर विकरं पाण्यातच काम करतात. तेलकट कढईवर साबण जे करतो तेच पित्त इथं करतं: तेलाचे बारीक थेंब करतं, मग लायपेज हे विकर त्यांना फोडू शकतं. याला वेळ लागतो, म्हणून आतडं माल थोडा थोडाच मागवतं. साधं जेवण जठरातून बहुतेक 4 तासांत पुढे जातं. तळलेलं त्याहून रेंगाळतं.

जठरात काय चालतं ते डोळ्यांनी पाहायची संधी 1822 साली अमेरिकेत विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरला मिळाली. अॅलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाच्या पोटात बंदुकीचे छर्रे घुसले. तो वाचला, पण जठरापर्यंतचं भोक कायम राहिलं. बोमाँट रेशमी दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडायचा आणि ठरावीक वेळाने बाहेर ओढून बघायचा. सेंट मार्टिनला ते किती सुखाचं वाटत असेल, कोण जाणे. आतडं रक्तातून निरोप पाठवतं, हे मात्र 1902 साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी दाखवलं. कुत्र्याच्या आतड्याचा एक भाग मज्जातंतूंपासून तोडून त्यांनी त्यात आम्ल घातलं, तरीही स्वादुपिंडाचा रस वाहू लागला. त्या संप्रेरकाला त्यांनी सिक्रेटिन म्हटलं.

पुढचं शोषणाचं जवळजवळ सगळं काम साधारण 6 मीटर लांबीच्या लहान आतड्यात उरकतं. पित्तातली आम्लंसुद्धा वाया जात नाहीत: सुमारे 95 टक्के आतड्याच्या शेवटच्या भागात शोषली जाऊन यकृताकडे परत जातात आणि पुन्हा वापरली जातात. मोठं आतडं उरलेलं पाणी खेचतं. आपल्याला न पचलेला चोथा तिथले जिवाणू आंबवतात. वायू होतो तो त्यातूनच.

जठर भरलेलं असताना लगेच आडवं झालं तर आम्ल अन्ननलिकेत चढायला सोपं जातं. त्यामुळे सराफ्यावरून छप्पन दुकान या खाऊगल्लीपर्यंत एक चक्कर मारावी, पण तिथं पुन्हा काही खाऊ नये. झोपायचंच असेल तर डाव्या कुशीवर.

सकाळी पोहे आणि चहा पोटात पडताच अनेकांना धावत जावं लागतं. जठर ताणलं गेलं की मोठं आतडं हलू लागतं, त्याचा हा परिणाम. पण त्या वेळी बाहेर पडतं ते ना समोरचे पोहे, ना बहुधा रात्रीचा गराडू. मोठ्या आतड्यातला प्रवास बरेचदा दिवसभराहून लांबतो, तेव्हा ते काल-परवाचं जेवण असतं.