कोनी कंसातला टाइप कोणाचा: क्लासचा की कन्स्ट्रक्टरचा?

सी++ मध्ये `पेटी<इंट> प(3.5);` अशी ओळ पाहिली की इंट कन्स्ट्रक्टरला (ऑब्जेक्ट बनवताना चालणाऱ्या फंक्शनला) दिलाय असं वाटतं. तो असतो क्लासचा. समजा, पेटी हा टी घेणारा क्लास टेम्प्लेट (टाइप नंतर भरायचा साचा) आहे आणि त्याचा कन्स्ट्रक्टरही यू घेणारा टेम्प्लेट आहे. वरच्या ओळीत टी म्हणजे इंट. यू मात्र कंपायलरने 3.5 वरून स्वतःच ओळखला: डबल. हा यू हाताने देण्याची सोयच नाही. `पेटी<इंट><डबल>` लिहिलंत तर एरर ठरलेली.

फंक्शन टेम्प्लेटचे टाइप त्याच्या नावामागे लिहितात, आणि कन्स्ट्रक्टरला स्वतःचं नावच नसतं. पेटी हे नाव क्लासचं. (जावाने मात्र न्यू आणि क्लासचं नाव यांच्या मधे त्यासाठी जागा ठेवली आहे. फारसं कुणी वापरत नाही.)

खरी अडचण यू एकाही पॅरामीटरमध्ये नसला की होते. क्लास बिनबोभाट कंपाइल होतो, एरर येते ती ऑब्जेक्ट बनवताना. यूला डिफॉल्ट असेल तर निभावतं, पण मग तो बदलता येत नाही.

उपाय म्हणजे रिकामा टॅग. `खूण<यू>` असा आत काहीच नसलेला स्ट्रक्ट करा, तो कन्स्ट्रक्टरचा पहिला पॅरामीटर ठेवा, म्हणजे त्यावरून कंपायलर यू ओळखतो, आणि `पेटी<इंट> प(खूण<डबल>{}, 3.5);` असं लिहा. स्टँडर्ड लायब्ररीत एनी आणि व्हेरियंट (वेगवेगळ्या टाइपची किंमत ठेवू शकणारे क्लास) यांच्यासाठी सी++17 पासून असलेला इन_प्लेस_टाइप हेच करतो. सी++20 चा टाइप_आयडेंटिटीही चालतो, पण शेवटी _टी असलेला टाइप_आयडेंटिटी_टी नको: त्यातून यू ओळखता येत नाही, म्हणजे पुन्हा तीच एरर. आणखी एक खड्डा: एकटा टॅग गोल कंसाने, `पेटी<इंट> प(खूण<डबल>());` असा दिला तर कंपायलर प ला फंक्शनचं डिक्लरेशन समजतो. महिरपी कंसच वापरा.

दुसरा उपाय स्टॅटिक फॅक्टरी, म्हणजे ऑब्जेक्ट बनवून देणारं क्लासचंच फंक्शन: `पेटी<इंट>::बनव<डबल>(3.5)`, वाचायला सोपी. पण ऑब्जेक्ट स्वतः बनवणारी लायब्ररीतली मेक_युनिक किंवा एम्प्लेस_बॅक ही फंक्शन्स आपली आर्ग्युमेंट्स थेट कन्स्ट्रक्टरकडे पाठवतात, तिथे टॅगच लागतो.

क्लासचे टाइप सी++17 पासून गाळता येतात, तेही सगळे किंवा एकही नाही: `पेअर<इंट> प(1, 2.5);` चालत नाही.