अंडाकृती वक्र

अंडाकृती वक्र : अंड्याच्या उभ्या छेदासारखा दिसणारा बंद, गुळगुळीत, बहिर्वक्र आकार. भूमितीत त्याची एकच काटेकोर व्याख्या नाही. वक्र कुठेही आत दबलेला नसावा आणि त्याला निदान एक सममिती अक्ष असावा, एवढीच सहसा अपेक्षा असते. या सैल अर्थाने लंबवर्तुळही त्यात बसते. तरीही पृथ्वीच्या कक्षेला सर्रास ‘अंडाकृती’ म्हणतात ते खटकते, कारण लंबवर्तुळाची दोन्ही टोके सारखी असतात आणि कोंबडीच्या अंड्याची नसतात.

हा फरक दोऱ्याने काढून पाहता येतो. दोन टाचण्यांना सैल दोऱ्याची टोके बांधून पेन्सिलीने दोरा ताणत फिरवले, की लंबवर्तुळ उमटते. आता दोऱ्याचे एक टोक पहिल्या टाचणीला बांधा, दोरा पेन्सिलीला वळसा घालून दुसऱ्या टाचणीभोवती न्या आणि परत आणून पेन्सिलीलाच बांधा. पेन्सिलीचे पहिल्या टाचणीपासूनचे अंतर एकदा आणि दुसरीपासूनचे दोनदा मोजले जाते. उमटते ते अंडे. एकेरी दोऱ्याच्या टाचणीकडचे टोक निमुळते होते. जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने चौदाव्या वर्षी अशाच युक्तीवर निबंध लिहिला. १८४६ मध्ये तो एडिंबरोच्या रॉयल सोसायटीत वाचला गेला, पण वाचला प्रा. फोर्ब्झ यांनी, लेखक फारच लहान होता. हे वक्र देकार्त यांनी १६३७ मध्येच प्रकाशाच्या वक्रीभवनासाठी मांडले होते.

खगोलशास्त्रज्ञ कॅसिनी यांनी १६८० च्या सुमारास दोन नाभींपासूनच्या (टाचण्यांच्या जागांपासूनच्या) अंतरांची बेरीज सोडून गुणाकार स्थिर धरला. नाभींमधील अंतर २अ आणि गुणाकार ब² मानला, तर ‘ब’ हा ‘अ’च्या √२ पट किंवा अधिक असेपर्यंतच आकार बहिर्वक्र राहतो. त्याखाली कंबर दबून भुईमुगाची शेंग होते. तिला अंडाकृती म्हणणे नावापुरतेच. ‘अ’ आणि ‘ब’ समान झाले की आडवा इंग्रजी आठ, आणि आणखी खाली दोन सुटे तुकडे. गंमत म्हणजे हे तुकडे पुन्हा अंड्यासारखे.

अंड्याच्या रेषेवर वक्रता, म्हणजे रेषा किती झपाट्याने वळते ते माप, दोन्ही टोकांना सर्वाधिक आणि दोन्ही कुशींवर सर्वांत कमी असते. अशा चढउताराच्या कमाल-किमान जागा, म्हणजे शिरोबिंदू, कोणत्याही अंडाकृतीवर चाराहून कमी असूच शकत नाहीत, हे कोलकात्याचे श्यामदास मुखोपाध्याय यांनी १९०९ मध्ये सिद्ध केले. १९१२ मध्ये आडोल्फ क्नेझर यांनी बहिर्वक्रतेची अटही काढून टाकली आणि भुईमुगाची शेंगही या नियमात आली.