एरर (बेसबॉल) : फलंदाजाच्या आकडेवारीवरील परिणाम

क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे, म्हणजे एररमुळे, बेसवर (धाव पूर्ण करताना गाठायच्या चार टप्प्यांपैकी एकावर) पोहोचलेला फलंदाज मैदानावर सुरक्षित असतो, पण आकडेवारीत तो बाद झाल्यासारखाच मोजला जातो. त्याच्या नावे एक अ‍ॅट-बॅट (सरासरीसाठी मोजली जाणारी फलंदाजीची खेप) लागते, हिट (स्वतःच्या फटक्याने बेस गाठणे) लागत नाही. १०० अ‍ॅट-बॅटमध्ये ३० हिट असलेला फलंदाज पुढच्या खेपेस एररवर पहिल्या बेसवर गेला, की त्याची सरासरी (हिट भागिले अ‍ॅट-बॅट) ०.३०० वरून ०.२९७ वर उतरते. बेस गाठण्याचेच प्रमाण सांगणारी ऑन-बेस टक्केवारीदेखील अशी खेप यशात धरत नाही, हे थोडे चमत्कारिकच आहे.

या पद्धतीचा उगम साधारणपणे १८६०-७० च्या दशकांत मानला जातो. तिचे श्रेय बहुधा हेन्री चॅडविक या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या पत्रकाराला दिले जाते. एकाच व्यक्तीला ते द्यावे का, हा प्रश्न उरतोच. चॅडविक क्रिकेटचे वृत्तांकन करून बेसबॉलकडे आला होता. क्रिकेटमध्ये झेल सुटल्यावर काढलेल्या धावा फलंदाजाच्याच खात्यात जातात. बेसबॉलच्या गुणलेखनाने मात्र कमावलेले आणि आयते मिळालेले यांत भेद केला. हातमोजे न घालता खेळण्याच्या त्या काळात चुका इतक्या होत, की हा भेद करणे भागच होते. हिटची व्याख्याही तेव्हा पक्की नव्हती : १८८७ च्या एका हंगामात वॉकही (खराब चेंडूंमुळे फलंदाजाला आयता मिळणारा पहिला बेस) हिट म्हणून मोजला गेला.

हिट की एरर, हे पंच नव्हे, तर अधिकृत गुणलेखक ठरवतो. ‘साधारण प्रयत्नाने’ फलंदाज बाद झाला असता का, ही त्याची कसोटी. एररसाठी चेंडूला हात लागलाच पाहिजे असे नाही. पायांमधून सुटलेला सोपा जमिनी चेंडूही एररच. विचारातली दिरंगाई मात्र एरर नव्हे. शंकेचा फायदा फलंदाजाला द्यावा, असे नियम सांगतो.

या निवाड्यावर किती अवलंबून असते, हे टाय कॉब या नामांकित फलंदाजाच्या १९२२ च्या हंगामावरून दिसते. मे महिन्यात न्यूयॉर्कमधील एका सामन्यात त्याने शॉर्टस्टॉप (दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) एव्हरेट स्कॉटकडे मारलेल्या चेंडूला अधिकृत गुणलेखक जॉन कीरन यांनी एरर ठरवले. असोसिएटेड प्रेससाठी फ्रेड लीब यांनी केलेल्या नोंदीत मात्र ती हिट होती. अमेरिकन लीगचे अध्यक्ष बॅन जॉन्सन यांनी हिट ग्राह्य धरली. कॉबच्या ५२६ अ‍ॅट-बॅटमध्ये २११ हिट झाल्या, सरासरी ०.४०१, एक हिट कमी असती, तर ०.३९९. बेसबॉल लेखकांच्या संघटनेने निषेध केला आणि खुद्द लीबही कीरन यांच्या अधिकाराच्या बाजूने उभे राहिले. कार्यपद्धतीच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे अधिक सबळ वाटते, तरी नोंद ०.४०१ अशीच रूढ आहे. फलंदाजीचे विजेतेपद ०.४२० सरासरीच्या जॉर्ज सिसलरकडे गेल्याने प्रश्न ०.४०० चा टप्पा ओलांडण्याच्या प्रतिष्ठेपुरताच उरला. १९४१ मधील जो डिमॅजिओ या फलंदाजाच्या सलग ५६ सामन्यांच्या हिट-मालिकेतही (प्रत्येक सामन्यात किमान एक हिट) ३० व्या व ३१ व्या सामन्यांतील हिट अशाच वादग्रस्त आहेत. दोन्ही चेंडू शॉर्टस्टॉप ल्यूक अ‍ॅपलिंगकडे गेले होते. एररवर मालिका टिकत नाही, म्हणून या निवाड्यांची चर्चा अजून होते.

नियमाला अपवाद बरेच आहेत. सॅक्रिफाइस बंटवर (स्वतः बाद होऊन धावपटूला पुढे नेण्यासाठी चेंडू हलकेच टोलवणे) चूक झाली, तरी गुणलेखकाच्या मते तो बंट यशस्वी ठरणारा असेल, तर अ‍ॅट-बॅट लागत नाही. सुटलेल्या उंच झेलावर, झेल घेतला गेला असता तरी धाव झाली असती असे वाटल्यास सॅक्रिफाइस फ्लाय (झेलबाद होऊनही धाव मिळवून देणारा, अ‍ॅट-बॅटमध्ये न मोजला जाणारा फटका) देता येते. दोनपेक्षा कमी बाद असताना तिसऱ्या बेसवरचा धावपटू एरवीही आला असता, तर एरर होऊनही फलंदाजाला आरबीआय (त्याच्या फलंदाजीमुळे झालेल्या धावेचे श्रेय) मिळतो. कॅचरच्या (फलंदाजामागे बसणाऱ्या क्षेत्ररक्षकाच्या) अडथळ्यामुळे बेस मिळाला, तर एरर कॅचरच्या नावे पडते आणि फलंदाजाची अ‍ॅट-बॅट मोजली जात नाही. फाउल (बाजूच्या रेषांबाहेरचा) झेल सुटल्यावर त्याच फलंदाजाने होमरन (चारही बेस मिळवून देणारा फटका) मारला, तर तो त्याचा पुरता होमरन. गोलंदाजावर मात्र ती धाव ‘अर्जित’, म्हणजे त्याच्या दोषाने झालेली, म्हणून चढत नाही. एकेरी (एका बेसच्या) हिटनंतर चुकीमुळे आणखी बेस मिळाले, तर मूळ हिट एकेरीच राहते.

क्षेत्ररक्षणाची टक्केवारी (चुकीविना पार पडलेल्या संधींचे प्रमाण) आता ०.९८० च्या वर गेल्याने एररचा वाटा घटला आहे. तरीही जमिनी फटके मारणारे, वेगाने धावणारे उजव्या हाताचे फलंदाज एररवर अधिक वेळा बेस गाठतात. त्यांचे फटके शॉर्टस्टॉप व तिसऱ्या बेसकडे जातात आणि तिथून फेक लांब पडते. हे केवळ नशीब नव्हे, या मताने टॉम टँगो या बेसबॉल-आकडेवारीच्या अभ्यासकाने व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडलेल्या ‘वोबा’ (बेस गाठण्याच्या प्रत्येक प्रकाराला वेगळा भार देणारी सरासरी) या मापनात एररवरील बेसला ०.९२, म्हणजे एकेरी हिटच्या ०.९० पेक्षा किंचित जास्त भार दिला. पुढे प्रचलित झालेल्या आवृत्त्यांतून तो वगळला गेला.